पाणी आत वळेना: फाकारावाच्या दक्षिण पासमधला माझा अनुभव

फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावाला दक्षिण पासमध्ये, म्हणजे तुमाकोहुआत, स्नॉर्केलिंग करायचं तर बाकी काहीच अवघड नाही. पास म्हणजे कंकणद्वीपाच्या आतलं पाणी, लगून, आणि बाहेरचा समुद्र जोडणारी वाट. उत्तरेच्या रोतोआवा गावातून लगून ओलांडत बोटीने दीडेक तासात पासच्या काठचं तेतामानू येतं. अडतं एकाच ठिकाणी, पाणी समुद्राकडून आत वळण्यापाशी. माझे दोन दिवस त्यात गेले आणि त्याचा राग अजून आहे, कारण 'उद्या नऊला या' म्हणणाऱ्याने नुसतं भरती-ओहोटीचं छापील कोष्टक पाहिलं होतं.

कोकणात आपण तिथीची पाऊणपट करतो आणि भरतीची वेळ हाती येते. मालवणला पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं, तिथे चंद्राचंच राज्य. फाकारावाला हा चढउतार जेमतेम अर्ध्या मीटरच्या आसपास. त्यामुळे घड्याळ लाटांच्या हातात जातं. मे ते ऑक्टोबरमध्ये दक्षिणेकडच्या वादळांतून लांब लाटा येतात, कंकणद्वीपाच्या ठेंगण्या कडेवरून अखंड आत सांडतात आणि लगून समुद्रापेक्षा वर उचललं जातं. ते पाणी बाहेर पडायला मोठ्या वाटा दोनच, उत्तरेचा गारुआए आणि हा. मग भरती सुरू झाली तरी पासमधून पाणी बाहेरच धावत राहतं. आत येणारा प्रवाह जेमतेम तासभर टिकतो, कधी दिवसभर येतच नाही.

म्हणून कोष्टकाआधी लाटांचा अंदाज बघा. दोन मीटरच्या वर दक्षिणी लाटा असतील तर तेतामानूला एकाच दिवसाची फेरी ठरवू नका, रात्रीचा मुक्काम धरा. नावाडी बाहेर जाणाऱ्या पाण्याला 'सोर्ताँ' म्हणतात, आत येणाऱ्याला 'राँत्राँ'. विचारताना वेळ विचारू नका, 'आत्ता राँत्राँ आहे का?' एवढंच विचारा. स्वतःलाही ओळखता येतं. सोर्ताँत पाणी हिरवट, गढूळसर असतं आणि समुद्राच्या तोंडाशी लाटा जागच्या जागी उभ्या राहतात. राँत्राँत निळं, काचेसारखं.

वेग धक्क्यावरूनच मोजा. नारळाचं सोडण पाण्यात टाका आणि १० मीटर जायला किती सेकंद लागतात ते बघा. २० सेकंद म्हणजे साधारण एक नॉट (तासाला एक सागरी मैल), फिन्स घालून बरा पोहणारा जेमतेम तेवढाच टिकतो. १० सेकंद म्हणजे दोन नॉट, तिथे मागे वळणं विसरा. मी दोनच्या वर उतरले नाही आणि कुणी उतरू नये असं मला ठामपणे वाटतं.

आत येणारा प्रवाह संपून पाणी उलटायच्या बेतात असताना उतरायचा मोहही नको. पाणी सगळ्यात स्वच्छ तेव्हाच असतं, पण उलटलं की थेट समुद्रात नेतं. आत येणारा प्रवाह स्थिरावल्यावर समुद्राच्या बाजूला सगळ्यांनी एकदम उतरायचं आणि बोटीने मागे राहायचं. तेतामानूच्या बाजूची कड धरा, खाली दोन ते पाच मीटरवर प्रवाळ राहील एवढी. कडेला घर्षणामुळे वेग कमी असतो. मधोमध बोटी जातात. करडे रीफ शार्कही मधल्या खोलीत असतात, कडेवरून ते खाली रांगेने दिसतात. जून-जुलैच्या पौर्णिमेला ग्रूपर मासे अंडी घालायला जमतात, तेव्हा इथे ६०० पर्यंत शार्क मोजले गेले आहेत.

धक्क्याची शिडी दिसली की २०-३० मीटर आधीच कडेकडे तिरपं सरका. हुकलीच तर प्रवाहाशी झुंजू नका. राँत्राँत लगूनमध्ये पाणी पसरतं आणि वेग आपोआप मरतो, तिथून बोट उचलते. नारिंगी बोया आणि शिट्टी मात्र प्रत्येकाकडे हवी.

मालवणला रिंग धरून शिकलेल्यांचे हात काहीतरी धरायला बघतात. इथे प्रवाळ धरायचं नाही. ते तुटतं आणि त्याची जखम आठवडे चिघळते.

हो, मास्क. नवीन असेल तर आतल्या काचेवरचा सिलिकॉनचा थर टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर धुकं धरतं. मिशी असेल तर तिच्यावर व्हॅसलीन, पाणी झिरपायचं थांबतं. पूर्ण चेहऱ्याचा मास्क प्रवाहात नको, दम लागला की त्यात श्वास पुरत नाही. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा लायक्रा घाला. आणि टायटन ट्रिगरफिश, घरटं राखणारा चावरा मासा, अंगावर आला तर वर पळू नका. त्याची हद्द घरट्यापासून वर उलट्या शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून फिन्स त्याच्याकडे ठेवून आडवं निघायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोडण धक्क्यावरून आत, लगूनकडे निघालं, १० मीटरला १४ सेकंद. पासभर वाहत जायला पाऊण तासही लागला नाही, म्हणून बोटीला सांगून लगेच दुसरी फेरी घेतली.