माळ्यावर कोण आहे

दुपारी जेवणं झाली की मी भुताचे व्हिडिओ बघते. रात्री नाही हं, रात्री आपली हिंमत नाही. भर दुपारी, खिडकी सताड उघडी, खाली भंगारवाला ओरडतोय अशा वेळी. काल रायन आणि शेन या दोघांच्या भुतं शोधायच्या यूट्यूब मालिकेचा, 'बझफीड अनसॉल्व्ड'चा, जुना भाग लावला होता, टेक्सासमधल्या ओल्ड आल्टन ब्रिजवरचा. रायनला सगळ्याचीच भीती, शेनचा कशावरच विश्वास नाही. तर हा शेन अंधारात पुलावर नाचत तिथल्या गोटमॅनला, म्हणजे अर्धा बोकड अर्धा माणूस अशा भुताला, ओरडून सांगतो की आता हा पूल माझा, परत हवा असेल तर मला मारावं लागेल. गोटमॅन काही आला नाही. रायनचा चेहरा मात्र बघण्यासारखा होतो, मी खरं तर तेवढ्यासाठीच बघते.

बाहुल्यांचं मात्र मला झेपत नाही. फ्लोरिडातल्या की वेस्टच्या म्युझियममधला तो रॉबर्ट, खलाशाचे कपडे घालून मांडीवर कुत्रा घेऊन बसलेला, त्याला विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही म्हणे, आणि ज्यांनी काढला त्यांची माफीची पत्रं भिंतीवर लावलीयेत! खरी अ‍ॅनाबेल त्यामानाने गरीब, लाल लोकरीच्या केसांची चिंध्यांची बाहुली, सिनेमावाल्यांनी उगाच तिचा चेहरा बिघडवला.

आमच्या मामीच्या शोकेसमध्ये एक होती. डोळे मिटणारी. प्लॅस्टिकची पिशवी कधी काढलीच नाही तिच्यावरची, मळेल म्हणून. मामी झोपली की आम्ही हळूच काच सरकवून तिला पिशवीसकट आडवी करायचो, एक डोळा मिटायचा आणि दुसरा अर्ध्यावर अडकायचा, की आम्ही धूम अंगणात. उभी करून ठेवायला परत कोण जाणार यावर भांडणं. आणि मामीने सांगून ठेवलेलं की माळ्यावर बागुलबुवा आहे. माळ्यावर आंब्याची अढी असायची, सगळ्या घरात वास. बागुलबुवाला पिकल्या हापूसचा वास येतो हे नाकाला कळत होतं तरी शिडीला हात लावायची टाप नव्हती कुणाची.

म्हणजे बागुलबुवा मामीचा होता, आंबे वाचवायला ठेवलेला. इंटरनेटवरच्या स्लेंडरमॅन नावाच्या भुताचंही तेच, तो एरिक नूडसन नावाच्या माणसाचा. जून 2009 मध्ये फोटो एडिट करून भुतं बनवायची गंमत चालली होती, त्यात याने लहान मुलांच्या फोटोंत मागे एक उंच, बिनचेहऱ्याचा माणूस घुसवला. झालं. जन्मतारीख माहीत, बाप माहीत, तरी लोक कॅमेरे घेऊन जंगलात त्याला शोधत फिरतात आणि मीही चवीने बघते.

पण 2014 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशात बारा वर्षांच्या दोन मुलींनी आपल्याच वर्गातल्या मैत्रिणीला रानात नेऊन चाकूने 19 वार केले, स्लेंडरमॅनला खूश करायला. ती वाचली. रांगत रस्त्यापर्यंत आली आणि एका सायकलवाल्याला दिसली.

भाची परवा विचारत होती, मावशी हा स्लेंडरमॅन खरा आहे का गं. एरवी मी डोळे मोठे करून 'असेलही बाई' म्हणाले असते, मजा म्हणून. तिला तारखेसकट सांगितलं कोणी बनवला ते. ती हिरमुसली जरा.