तुम्ही विचारलंत म्हणून: फोनवर गुडघा दाखवून काय होतं?

मला हिमोफिलिया आहे, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार, आणि सांध्यांची फिजिओथेरपी मी थोडी सेंटरवर जाऊन, थोडी व्हिडिओ कॉलवर घेतो. हिमोफिलियावाल्यांच्या कुठल्याही बैठकीत मला दोन प्रश्न हमखास येतात, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. अर्धे विचारतात, "फोनवर गुडघा दाखवून कसली फिजिओथेरपी होते हो?" उरलेले विचारतात, "घरबसल्या होतंय ना, मग अजून सेंटरला खेटे कशाला घालता?" पहिल्यांना मी आळशी वाटतो, दुसऱ्यांना भित्रा. आजवर हसून विषय बदलत आलो. आता एकदाच लिहून टाकतो.

रक्त गोठवणारा फॅक्टर ८ एक टक्क्याच्या खाली, डावा गुडघा टार्गेट जॉइंट (पुन्हा पुन्हा रक्तस्राव होणारा सांधा), लहानपणी फॅक्टरची नियमित इंजेक्शनं नाहीत, त्यामुळे गुडघा आता पूर्ण सरळ होत नाही. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्यातल्या कित्येकांचं हेच आहे. घोट्यांचं रामायण आज नको.

हल्ली तिसरा प्रश्नही येतो, तो तरुण मंडळींकडून. एमिसिझुमॅब हे औषध आलंय, त्वचेखाली टोचलं की झालं, ब्लीड (रक्तस्राव) जवळजवळ होतच नाहीत, मग व्यायाम कशाला? अरे बाबांनो, ते औषध पुढचं ब्लीड अडवतं. जुन्या रक्तातल्या लोहामुळे सुजून जाड झालेलं सांध्याचं अस्तर आणि झिजलेली कूर्चा ते पूर्ववत करत नाही. आणि मांडीचा वाळलेला स्नायू टोचून भरत नाही. वर्ल्ड फेडरेशन ऑफ हिमोफिलियाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रक्तविकारतज्ज्ञाच्या बरोबरीने सांधे-स्नायूंचा तज्ज्ञही मूळ टीममध्येच धरलाय, तो उगाच नाही.

आधी खेट्यांबद्दल. फिजिओ आपला सांध्यांचा स्कोअर काढतात तो आठवा. दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे, दोन्ही घोटे, शेवटी चाल. ० ते १२४, जितका जास्त तितकी दुर्दशा. यातलं फोनवर काय कळतं? चाल दिसते. जिना चढताना कुठला पाय पुढे टाकतो ते दिसतं. ठळक सूज असेल तर तीही. पण वाटीवर तळहात ठेवून गुडघा हलवला की आत जी करकर लागते, ती कशी कळणार? ताकद तर समोरच्याने उलट दाब दिल्याशिवाय मोजताच येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गुडघा सरळ करताना शेवटी जिथे अडतो, तिथे हाड हाडाला अडतंय की आखडलेला स्नायू ओढ धरतोय? स्नायू असेल तर सावकाश ताणून थोडं मिळवता येतं. हाडच अडत असेल तर ताणण्यात अर्थ नाही, नुकसान मात्र आहे. हे फिजिओच्या बोटांना कळतं, कॅमेऱ्याला नाही. शिवाय फोन जरा वरून धरला की माझा गुडघा चक्क सरळ दिसतो. मी तो मुद्दाम तसा धरत नाही, असं मी आजवर सांगत आलोय.

मग फोन हवा कशाला? एक म्हणजे प्रवास. तासन्‌तास गुडघा वाकवून बसायचं, पोचेपर्यंत तो आखडणार, आणि मग त्या आखडलेल्या गुडघ्याला सांध्याचा कोन मोजणारा गोनिओमीटर लावणार. दुसरं, मी व्यायाम प्रत्यक्षात कसा करतो ते माझ्या फिजिओ मॅडमना तिथे सेंटरवर कधी दिसलंच नव्हतं. तिथल्या टेबलावर मी गुणी बाळ असतो. घरच्या मऊ गादीवर पाय सरळ ठेवून उचलताना मी कंबर उचलतो, श्वास कोंडतो, आणि गुडघा शेवटचा थोडा वाकडाच राहतो. हे त्यांनी पहिल्याच व्हिडिओ कॉलवर पकडलं आणि मला खाली जमिनीवर उतरवलं. खुर्ची उंच करायला लावली. घोट्याच्या तोलासाठी एका पायावर उभं राहतो तिथे हाताशी भिंत आहे का, तेही पाहिलं.

पूर्वी मी स्वतःच म्हणायचो, की शिस्त असेल त्याला व्यायामाचा छापील कागद पुरतो, आणि नसेल त्याला व्हिडिओ कॉल काय करणार? त्या वेळच्या मला आज उत्तर द्यायचं म्हटलं तर अडचण होते, कारण तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. कॉल असतो त्या दिवशीच मी सगळा व्यायाम मनापासून करतो. पण कागदाच्या काळात तोही होत नव्हता.

आता ती जांघेची हकिकत. तिच्या अर्ध्यामुर्ध्या आवृत्त्या तुमच्यात फिरतायत, म्हणून सविस्तर सांगतो.

गुडघा वाकडा राहिला की माणूस खुब्यातही वाकून चालतो, आणि जांघेतला स्नायू आखूड होत जातो. म्हणून मॅडमनी कॉलवरच एक नवा ताण दिला, पाय मागे नेऊन खुब्याची पुढची बाजू ताणायचा. काही दिवसांनी डावी जांघ दुखायला लागली. नवा व्यायाम आहे, अंग धरणारच, असं मी धरून चाललो. पुढच्या कॉलला सहज बोलून गेलो, "आज जांघ जरा धरलीये."

त्यांनी व्यायाम सुरूच केला नाही. "पाठीवर झोपा. फोन कमरेच्या उंचीला, बाजूने धरायला सांगा." बायकोने धरला. "आता पाय सरळ करा." मी केला. केला असं मला वाटलं. त्या बायकोला म्हणाल्या, "त्यांच्या कमरेखाली हात जातोय का बघा." सहज गेला. पाय खाली टेकवण्यासाठी मी पाठीची कमान केली होती आणि मला पत्ताच नव्हता. कमर टेकवली तर मांडी उचलली जायची, आणि जबरदस्तीने खाली नेली तर जीव जायचा. मग पाय आत-बाहेर फिरवायला सांगितला. तो बऱ्यापैकी फिरला, म्हणजे बहुधा खुब्याच्या सांध्यात नव्हतं. मग, "दोन्ही मांड्यांवरून पुढून बोट फिरवा. सारखं लागतंय?" उजवीकडे नीट लागत होतं. डावीकडे जाड गोधडीवरून कुणी हात फिरवावा तसं.

त्यांचा आवाज बदलला. "आत्ताच्या आत्ता फॅक्टर घ्या. मग सेंटरला फोन करा आणि निघा. जिना चालत उतरायचा नाही." मी म्हटलं, "उद्या सकाळी दाखवतो ना." त्या म्हणाल्या, "नाही."

सोनोग्राफीत इलिओसोअसमधलं, म्हणजे त्याच जांघेच्या स्नायूतलं ब्लीड दिसलं. हा स्नायू पोटात खोल असतो, तिथे बाहेरून फारसं काही न दिसता पुष्कळ रक्त साठतं आणि मांडीकडे जाणारी नस दाबली जाते. उजवीकडे असतं तर अपेंडिक्स म्हणून खपलं असतं. अशा ब्लीडला फॅक्टरची पातळी सुरुवातीला ८० ते १०० टक्क्यांपर्यंत न्यावी लागते, पायावर भार टाकायचा नाही, पडून राहायचं. घाईने उठलं की तिथेच पुन्हा ब्लीड होण्याची भीती. बधिरपणा जायला फार वेळ लागला. मांडीवर अजून एक तळहाताएवढी जागा आहे जिथे मला खात्रीने काही सांगता येत नाही.

ही गोष्ट सांगितली की फोनवाले खूश होतात. बघा, हात न लावता निदान! हो, झालं. पण तो ताणही फोनवरच दिला होता ना? त्या दिवशी मी टेबलावर असतो, त्यांनी खुब्यावर हात ठेवला असता, तर स्नायू आधीच कडक लागला असता का? मी त्यांना हे विचारलं, सरळ आवाजात नाही. त्यांनी सफाई दिली नाही. "ताणामुळे झालं असेल, नसेलही. या स्नायूत काही कारण नसतानाही ब्लीड होतं. मला सांगता येणार नाही." या उत्तराचा मला कितीतरी दिवस राग होता. थोडा अजूनही आहे. पण त्यांनी ठामपणे काही सांगितलं असतं तर मी दुसऱ्या कुणाकडे गेलो असतो, हेही खरं.

त्यानंतर बरेच दिवस फोन बंदच. पालथं झोपण्यापासून सुरुवात, तीही त्यांच्या नजरेसमोर, आधी फॅक्टर घेऊन. पुन्हा कॉल सुरू झाले तेव्हा आम्ही पद्धत बांधून घेतली. नवा व्यायाम किंवा वाढीव भार समोरासमोरच द्यायचा, आणि दिलेला घटवायचा तो फोनवर. कॉलच्या सुरुवातीला फॅक्टर शेवटचा कधी घेतला, सांधा गरम आहे का, कालच्यापेक्षा कमी वाकतोय का, स्वस्थ बसल्यावरही दुखतंय का, एवढं विचारून घेतात. सकाळी आखडलेला आणि चार पावलं टाकल्यावर मोकळा होणारा गुडघा हा आपला जुना संधिवात, त्याला व्यायाम चालतो. गरम, टणक आणि पडल्यापडल्या ठणकणारा असेल तर कॅमेरा बंद, फॅक्टर, सेंटर. मधलं काही असेल तर त्या स्पष्ट सांगतात, "मला इथून कळत नाही, या." तेव्हा प्रवास करावा लागतो. त्यातल्या काही खेपा फुकट जातात.

ज्यांनी लहान मुलासाठी विचारलं, त्यांना मी माझं उदाहरण घ्या असं म्हणणार नाही. ज्याचे सांधे अजून शाबूत आहेत त्याचा हिशोब निराळा. मात्र पहिली तपासणी फोनवर उरकू नका.

आणि ही पद्धत तरी कायमची आहे असं समजू नका. आता मॅडमच ती मोडायला निघाल्यात. त्यांचं म्हणणं, दोन भेटींच्या मध्ये भार वाढवायचाच नाही म्हटलं तर स्नायू भरणार कसा? महिनोन्‌महिने मी तोच रबरी पट्टा ओढतोय. मांडीचा घेर तसूभर वाढलेला नाही, टेप त्यांच्या बाजूने आहे. मी म्हणतो, पट्टा मला पुरतो. पुढच्या भेटीत घेर पुन्हा मोजणार आहेत, आणि तेवढाच भरला तर जाड पट्टा कॉलवरच सुरू करायचा, असं त्यांनी लिहूनही ठेवलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही.