सिकंदरबागेतली हाडे कोणाची?

जुनी युद्धछायाचित्रे दाखवून झाली की श्रोत्यांपैकी कोणीतरी हमखास विचारते : ही चित्रे मुद्दाम मांडून काढलेली असतील, तर त्यांना पुरावा कसे म्हणायचे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. मांडामांड झाली होती हे मी मान्य करतो. पण ती कोणाच्या मृतदेहांची करता आली आणि कोणाच्या नाही, हे पाहिले की त्याच चित्रांतून फार मोठा पुरावा हाती लागतो.

लखनौच्या सिकंदरबागेचे फेलिचे बिआतो या युद्धछायाचित्रकाराने काढलेले छायाचित्र घ्या. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी ब्रिटिश सेनापती कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने या बागेच्या भिंतींआड सुमारे २,००० बंडवाल्या शिपायांची कत्तल केली. बिआतो तेथे पोहोचला तो त्यानंतर काही महिन्यांनी, १८५८ मध्ये. चित्रात गोळ्यांनी विद्रूप झालेली खांबांची इमारत आहे, तिच्यापुढे एक घोडा आणि काही हिंदी माणसे आहेत, आणि अगदी पुढे, आपल्या पायांशी यावीत अशी, कवट्या आणि बरगड्या विखुरलेल्या आहेत. प्रेते झाकून टाकलेली होती, पण छायाचित्रकाराने हट्टाने ती उघडी करवली, असे जॉर्ज कॅम्पबेल या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. म्हणजे हाडे खरी, मरण खरे; पण त्यांचे त्या जागी असणे ही छायाचित्रकाराची करणी. त्या माणसांना तेथे उभे राहायला कोणी सांगितले असेल आणि समोर पडलेल्यांकडे पाहताना त्यांना काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

याच्या तीनच वर्षे आधी, १८५५ मध्ये, रॉजर फेंटन हा ब्रिटिश छायाचित्रकार रशियाविरुद्धच्या क्रिमियाच्या युद्धावर गेला होता. दारूच्या व्यापाऱ्याची घोडागाडी विकत घेऊन तिची त्याने अंधारखोली केली होती. काचेवर कलोडियन या चिकट द्रवाचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याआधी धुऊन काढायची, असा तो सगळा खटाटोप असे. चित्र उमटायला काही सेकंद लागत, त्यामुळे धावता सैनिक किंवा फुटता गोळा टिपणे अशक्यच होते. त्याने काढलेल्या साडेतीनशेहून अधिक चित्रांत तंबू आहेत, अधिकारी आहेत, बंदर आहे. मात्र ब्रिटिश सैनिकाचे एकही प्रेत नाही. येथे तंत्राची सबब चालत नाही, कारण मेलेला माणूस हलत नाही. चित्रे मँचेस्टरच्या प्रकाशकासाठी काढली जात होती आणि ती विकत घेणाऱ्या घरांतलीच मुले त्या युद्धात मरत होती. फेंटनच्या सर्वांत गाजलेल्या चित्रात ओसाड घळीतला रस्ता आणि त्यावर पडलेले तोफगोळे एवढेच दिसते. त्याच जागेच्या दुसऱ्या चित्रात मात्र रस्ता मोकळा आहे, म्हणून गोळे हलवले गेले की काय, यावर अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातला. मला त्या वादापेक्षा चित्रातली माणसांची अनुपस्थिती अधिक बोलकी वाटते.

पुढे १८६० मध्ये ब्रिटिश-फ्रेंच फौजेने जिंकलेल्या चीनमधल्या ताकूच्या किल्ल्यांत बिआतोने पुन्हा मृतदेह टिपले, आणि तेही चिनी सैनिकांचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात अँटिएटमच्या रणभूमीवर अलेक्झांडर गार्डनरने १८६२ मध्ये काढलेली प्रेते बहुतेक दक्षिणेच्या सैनिकांची आहेत. तेथे कारण काहीसे साधे होते : मैदान ज्याच्या ताब्यात राहते तो आधी आपली माणसे पुरतो, आणि ते उत्तरेच्या फौजेच्या ताब्यात राहिले होते. पण पुढच्या वर्षी गेटिसबर्गला एका मृत सैनिकाचा देह सुमारे ४० यार्ड उचलून नेऊन दगडी आडोशामागे ठेवला गेला आणि त्याला नेमबाज ठरवून चित्र काढले गेले. त्या तरुणाला स्वतःच्या मरणाची जागासुद्धा राखता आली नाही, याचा मला राग येतो.

सामान्य रयत या सगळ्यात जवळजवळ नाहीच. ती दिसते गोया या स्पॅनिश चित्रकाराच्या कोरीव चित्रांत. १८०८ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेल्या युद्धावरच्या या मालिकेत, ‘मी हे पाहिले’ अशी ओळ लिहिलेल्या चित्रात, गाव सोडून पळणारी माणसे आहेत आणि त्यांत मूल सांभाळणारी आई आहे. गोया १८२८ मध्ये वारला आणि ही मालिका १८६३ मध्ये छापली गेली. विजेत्याच्या बाजारासाठी ती काढलेली नव्हती.

झाशीच्या रयतेला असा चित्रकार मिळाला नाही. १८५८ मध्ये शहर पडल्यावर गोऱ्या शिपायांनी घरोघर शिरून केलेली कापाकापी आणि लूट आपल्याला कळते ती वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या लेखणीतून. दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेले हे भटजी तेव्हा शहरातच अडकले होते आणि त्यांचा वृत्तान्त १९०७ मध्ये छापला गेला. सिकंदरबागेचे चित्र दाखवताना मी तो वाचून दाखवतो, कारण बिआतोने उभे केलेले दृश्य जिंकणाऱ्यांच्या बाजूने पाहिलेले आहे आणि गोडसे भटजी दाराआड लपलेल्यांच्या बाजूने लिहितात.