साळुंक्या झोपतात तरी कधी?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरासमोर जुना पिंपळ आहे, त्यावर संध्याकाळी साळुंक्यांचा असला कलकलाट की आई ओरडते, खिडकी लाव रे, सिरियल ऐकू येत नाहीये. डिसेंबरात सहा-सव्वासहाला सगळं चिडीचूप, जूनमध्ये सव्वासात झाले तरी यांची भांडणं चालूच, आणि पहाटे साडेपाचला परत सुरू! इंदूरला जूनचा दिवस साधारण साडेतेरा तासांचा, डिसेंबरचा पावणेअकरा, म्हणजे झोपेला जवळपास तीन तास कमी ना.

मग रात्री सराफ्यातून (इथला रात्रीचा खाऊबाजार) भुट्ट्याचा कीस खाऊन आल्यावर नेटवर शोधत बसलो (माझी झोप गेली ती वेगळीच). साळुंकीची युरोपातली चुलत बहीण स्टारलिंग, तिच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या तर ती उन्हाळ्यात हिवाळ्यापेक्षा रोज तब्बल पाच तास कमी झोपते, आणि पौर्णिमेच्या आसपासही झोप कमी होते. अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन नावाचं हार्मोन वाढतं, रात्र लांब तर ते जास्त वेळ राहतं, त्यावरून शरीराला ऋतू कळतो.

पण भारी म्हणजे रेनडिअर. तिकडे आर्क्टिकमध्ये उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, आणि चरायचं तर भरपूर असतं, मग हे पठ्ठे रवंथ करता करताच हलकी झोप काढून घेतात! आमचे बाबा जेवल्यावर सुपारी चघळत आरामखुर्चीत डोळे मिटून बसतात आणि वर म्हणतात मी झोपलो नव्हतो, ते आठवलं एकदम.