बंद शाळेची अभ्यासिका करताना: आधी सातबारा, मग सुतार

आमच्या वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा पटसंख्येअभावी बंद झाली. उरलेली मुलं पलीकडच्या वाडीतल्या शाळेत जाऊ लागली आणि समुद्राजवळची ती कौलारू इमारत कुलपात राहिली. गावातली पोरं-पोरी पोलीस भरतीचा, तलाठी परीक्षेचा अभ्यास देवळाच्या सभामंडपात करायची आणि तिथे काही कार्य निघालं की वह्या गोळा करून उठायची. आज त्याच शाळेत त्यांची अभ्यासिका आहे, मागच्या खोलीत वाचनालय आहे, दुपारी बचत गटाच्या बायका बसतात. सिंधुदुर्गात, रत्नागिरीत अशा बंद शाळा गावोगाव आहेत. कसं केलंत असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

विषय काढलात की गाव म्हणेल, आधी कौलं बदलू. थांबा. आधी सातबारा काढा.

आमची इमारत जिल्हा परिषदेच्या मालमत्ता नोंदवहीत होती, पण जमीन नव्हती. कबजेदार म्हणून अजून जमीन देणाऱ्या घराण्याचीच नावं, तीही मयतांची. शाळेचा उल्लेख फक्त इतर हक्कांत. कोकणात हे फार ठिकाणी सापडेल, कारण त्या काळी जागा शब्दावर दिली जायची. कायद्याला शब्द पुरत नाही. स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र नोंदवलेलंच लागतं, हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून चालत आलं आहे.

जुना कागद शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. जिल्हा परिषदा 1962 साली आल्या, त्याआधीच्या शाळा लोकल बोर्डाच्या. आणि सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1981 साली, त्यामुळे त्याआधीचं दप्तर रत्नागिरीतही शोधावं लागतं. आमचा कागद लोकल बोर्डाच्या नावाने निघाला. तपकिरी पडलेलं एकच पान, घडीवर विरलेलं, खाली अंगठ्याचा ठसा आणि दोन साक्षीदार. नोंदणी नव्हती. तरी देणाऱ्याने जागा कशासाठी दिली हे त्यावरून दिसत होतं, आणि वारसांसमोर ठेवायला तेवढं पुरलं.

वारस गिरगाव, डोंबिवली, विरारपर्यंत पांगलेले. त्यांना फोन करून काही होत नाही. परक्याने जमिनीचा विषय काढला की माणूस सावध होणारच, त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून आम्ही चतुर्थीची वाट पाहिली. गणपतीला सगळे चाकरमानी घरी येतात. आरत्यांना घरोघर फिरताना तो कागद दाखवला, इमारत विकायची किंवा हॉटेलला द्यायची नाही हे संमतीपत्रातच लिहून घेतलं. घराण्यातल्या सगळ्यांत थोरल्या काकींकडे गेलो, तर त्यांनी वाचूनही घेतलं नाही. म्हणाल्या, "आमच्या आज्यान जागा शाळेक दिल्यान, ती शाळेचीच. सही खंय करूची ता सांग गो." त्यांची सही झाल्यावर पुतण्यांच्या सह्या व्हायला वेळ लागला नाही. मोठ्यांकडे आधी जा, एवढंच सांगेन.

इमारत मागण्याचा प्रस्ताव गावातल्या मंडळाच्या नावाने करू नका, ग्रामपंचायतीच्या नावाने करा. जिल्हा परिषदेला आपली मालमत्ता दुसऱ्या स्थानिक संस्थेकडे सोपवणं सोपं जातं, खासगी मंडळाकडे देताना शंका येतात, आणि त्या रास्तही आहेत. रोजची व्यवस्था मंडळाने पाहावी, ते ठरावात नमूद करून घ्यावं. ग्रामसभेचा ठराव, सातबारा, संमतीपत्रं, घरपट्टीचा असेसमेंट उतारा, नकाशा आणि फोटो असं सगळं गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयी गेलं. मधल्या एका टेबलावर फाइल बरेच महिने पडून होती. पोच घेतलेली प्रत जवळ होती म्हणून पाठपुरावा करता आला.

समुद्रकाठच्या इमारतीला सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारा नियम, आडवा येतो. 2011 च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरच्या पट्ट्यात सहसा नवं बांधकाम होत नव्हतं, पण असलेल्या अधिकृत इमारतीची दुरुस्ती मूळ जोत्यात राहून करता येत होती; 2019 साली नवी अधिसूचना आली आहे. पुढे पडवी वाढवावी असं बऱ्याच जणांच्या मनात होतं, ते सोडलं. स्वच्छतागृहसुद्धा जुन्याच जागी उभं केलं. असेसमेंटचा जुना उतारा इथेच कामाला आला, इमारत आधीपासून आहे हे त्याने दाखवता आलं.

आता इमारत. पाहणीत ती मोडकळीला आलेली दिसत होती आणि निर्लेखन करून, म्हणजे नोंदवहीतून काढून टाकून, पाडा, नवी स्लॅबची बांधा, असा आग्रह होता. रत्नागिरीचा थिबा राजवाडा 1910 चा, आज तिथे संग्रहालय आहे. जुनं बांधकाम नीट राखलं तर नव्या कामाला येतं, हे ग्रामसभेत सांगून पाहिलं. पण लोकांना पटलं ते गवंडीकाकांनी भिंत उकलून दाखवल्यावर. चिरा, म्हणजे जांभा दगड, ओल शोषतो आणि ती पुन्हा सोडतो. त्यावर कधीतरी कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारला होता, त्यामुळे जमिनीतून चढलेली ओल आणि खार आतच कोंडून राहिली. हातोडीने टकटक केलं की गिलावा पोकळ वाजायचा, आणि त्यामागच्या चिऱ्याचा वरचा पापुद्रा बोटाने पिठासारखा निघायचा. आतला दगड मात्र शाबूत होता. सगळं सिमेंट उतरवलं, खराब चिरे बदलले, सांधे मुरवलेल्या चुन्याने भरले. काकांना ते काम येत होतं; तरुण गवंड्यांपैकी दोघे त्यांच्या हाताखाली शिकले, याचा मला फार आनंद आहे.

छपरावर मोठा वाद झाला. माकडं कौलं फोडतात, म्हणून पत्रा घाला असं निम्मं गाव म्हणत होतं. त्रास खरा आहे. पण पत्र्याखाली आषाढात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, मे महिन्यात बसवत नाही, आणि 2021 च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळात पत्रे कसे उडाले ते किनाऱ्याने पाहिलं आहे. अभ्यासिकेला शांतता हवी. वाळवी लागलेले वासे बदलून मंगलोरी कौलंच परत चढवली. दर वर्षी पावसाआधी ती परतायचं काम मुलांनी अंगावर घेतलं आहे.

विजेचा मीटर मुख्याध्यापकांच्या नावावर आणि थकबाकीत होता. तो ग्रामपंचायतीच्या नावावर करून घ्यायचं आधीच ठरवा, नाहीतर सगळं तयार होऊन अंधार राहतो.

सध्या इमारत मुदतीच्या कराराने ग्रामपंचायतीकडे आहे. मुदत संपायच्या बऱ्याच आधी नूतनीकरणाचा अर्ज टाकणार आहोत. संमतीपत्रांवर कायम विसंबता येणार नाही, म्हणून नोंदणीकृत बक्षीसपत्राची तयारी चालू आहे. वारस नोंदी झाल्या आहेत. एका शाखेचा पत्ता लागत नव्हता, तो बदलापूरला लागला. ते कुटुंब या चतुर्थीला येतंय.