मशीन गरम झालं की आवाज बसतो

फोन आला तेव्हा निदान आधीच झालेलं होतं, मी फक्त येऊन बोर्ड दुरुस्त करायचा होता. पाव इंची टू-ट्रॅक टेप मशीन (टेपवर शेजारी शेजारी दोन पट्टे वाचणारं), १९७० च्या दशकातलं, जुन्या टेपा डिजिटल करायला वापरतात. तक्रार अशी की चालू केल्यावर वीसेक मिनिटं झकास वाजतं आणि मग अचानक ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीतले आवाज, जातो, गायिकेचा आवाज बसल्यासारखा होतो, स आणि श तर ऐकूच येत नाहीत. बंद करून थंड होऊ दिलं की परत ठणठणीत. असं वर्णन ऐकलं की या धंद्यातला कुणीही थर्मल फॉल्टच (तापल्यावर एखादा पार्ट दगा देणं) म्हणणार, आणि माझ्या आधी जो आला होता तो तेच म्हणाला. त्यानं दोन्ही चॅनलची रिप्रो कार्ड (टेपवरून वाचलेला सिग्नल वाढवणारे बोर्ड) रीकॅप केली, म्हणजे त्यांवरचे कपॅसिटर बदलले, मग ट्रान्झिस्टर बदलले, मग फ्रीझ स्प्रे मारमारून अख्खं कार्ड बर्फाचं केलं, मग सगळे सोल्डर जॉइंट परत तापवले. फरक शून्य. शेवटी टेप वाचणारं हेडच झिजलंय, नवीन बघा, इथपर्यंत गाडी आलेली.

रीकॅपबद्दल थोडं बोलूनच घेतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतात हे खरंय, तापमान दहा डिग्रीनं वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, त्यामुळे पॉवर सप्लायमधले, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी बसलेले आधी बघावेत, याला कुणाची ना नाही. पण आता रीकॅप हा एक विधी होऊन बसलाय. मीटर लावायच्या आधी सगळं उपटायचं, चांगले फिल्म कपॅसिटरसुद्धा काढून टाकायचे, पन्नास वर्षांचं प्रिंट आधीच नाजूक, त्यातले दोन पॅड उखडायचे, आणि वर बिलात 'फुल रीकॅप' लिहायचं. ग्राहकालाही तेच हवं असतं, कारण पिशवीत भरलेले जुने पार्ट दिसतात. या माणसाचं काम मात्र स्वच्छ होतं, पॅड सगळे जागेवर, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा विषय परत येणारे.

मी नेहमीचं केलं. हेड आणि गाइड आयसोप्रोपिलनं पुसले, मशीन बंद ठेवून डीमॅग्नेटाइझ केलं (डीमॅग्नेटायझर हेडजवळ असताना बंद करायचा नसतो, हळूहळू हातभर लांब नेऊन मग स्विच, नाहीतर होतं त्यापेक्षा जास्त चुंबकत्व देऊन मोकळे). मग कॅलिब्रेशन टेप (ठरलेल्या लेव्हलचे टोन असलेली टेस्ट टेप) लावली. ट्रेबल दोन्ही चॅनलला अर्ध्या डीबीच्या आत. बासला काटा थोडा वर जात होता, पण टेस्ट टेप फुल-ट्रॅक (पूर्ण रुंदीवर रेकॉर्ड केलेली) आणि हेड टू-ट्रॅक असलं की लांब वेव्हलेंथला ट्रॅकच्या बाहेरचंही थोडं उचललं जातं, तो आकडा खोटा असतो. बरेच लोक तिथे फसतात आणि बास कापून बसतात. आधीच्या माणसानं कापला नव्हता. अॅझिमथसुद्धा (हेडचा टेपशी असलेला कोन) त्यानं तंतोतंत लावलेला, स्क्रूवर लाखेचा ठिपका. म्हणजे गड्याला काम येत होतं.

मग झाकणं लावून मशीन तासभर तापत ठेवलं आणि कॅलिब्रेशन टेप परत लावली. मला वाटलं आता दिसेल. तेच आकडे, अर्ध्या डीबीच्या आतच.

आता ही टेस्ट आधी कुणी का केली नव्हती, तर कॅलिब्रेशन टेप जपून वापरायची असते, महाग आणि घासली जाणारी वस्तू, त्यामुळे ती नेहमी सकाळी थंड मशीनवर पाच मिनिटं लावून परत डब्यात जायची. बरोबरच आहे तसं. पण गरम मशीन खराब असतं हे गरम मशीनवर कुणीच मोजलं नव्हतं.

मी तिथल्या इंजिनिअर पोराला म्हणालो, तुमची ती टेप लाव. तो म्हणाला, सर आत्ता नको, मशीन गरम आहे, लगेच बसेल आवाज. लाव म्हटलं. लावली, आणि पहिल्या मिनिटापासून झकास, स-श सगळं कसं लख्ख. पोरगा म्हणाला, गेला वाटतं फॉल्ट, इंटरमिटंट आहे, कधी येतो कधी जातो. मी खुर्ची ओढून बसलो. वीसेक मिनिटं झाली आणि आवाज बसला. बरोबर त्याच शब्दावर, पोरानंच सांगितलं, कारण ते गाणं त्याचं एव्हाना पाठ झालं होतं.

इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. ते लोक घड्याळ बघत होते आणि मी टेप कुठवर आली ते दाखवणारा काउंटर बघत होतो. टेप दरवेळी सुरुवातीपासून लावायची, आवाज बसला की मशीन बंद, थंड होईपर्यंत चहा, परत सुरुवातीपासून. त्यामुळे 'किती वेळानं' आणि 'टेपवर कुठे' ही दोन उत्तरं कायम एकत्रच यायची, वेगळी करायची संधीच नाही. रिवाइंड केलं, लख्ख. फॉरवर्ड करून त्याच आकड्यापुढे नेलं, बसलेला. मशीन तापलेलंच होतं दोन्ही वेळा. मग पोरगा हळूच म्हणाला की काही रिळं पहिल्या सेकंदापासूनच बसलेली वाजतात आणि काही कधीच बसत नाहीत. अरे मग हे फोनवर सांगायचं ना! फॉल्ट रीळ बघून येतो याच्याइतकी मोठी खूण दुसरी नव्हती, पण थर्मल हा शब्द एकदा चिकटला की बाकीचं सगळं इंटरमिटंट या खात्यात जमा होतं.

त्या जागी टेप हातानं उलगडली. तिरका कापलेला स्प्लाइस, म्हणजे दोन तुकड्यांचा जोड, इतका सफाईदार की वाजताना टिचकीसुद्धा नाही. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ऑक्साइडचा रंग किंचित वेगळा. दोन वेगळ्या टेपा, म्हणजे बहुधा दोन वेगळी मशीन, आणि कुणीतरी ब्लेडनं जोडून एक मास्टर केलेला.

रेकॉर्डिंग फुल-ट्रॅक मोनो, म्हणजे टेपच्या पूर्ण रुंदीवर एकच ट्रॅक. यांचं हेड टू-ट्रॅक, ते त्याच गोष्टीचे दोन पट्टे वाचतं. ज्या मशीनवर दुसरा तुकडा रेकॉर्ड झाला त्याचं हेड जरासं कललेलं असणार, त्यामुळे आपल्या सरळ हेडवर एक पट्टा दुसऱ्याच्या किंचित आधी पोचतो. ऑसिलोस्कोप एक्स-वाय मोडला लावला (एक चॅनल आडवा, एक उभा, दोन्ही सारखे असले की तिरकी रेघ), स्प्लाइसच्या आधी बारीक तिरकी रेघ, स्प्लाइस गेला की प्रत्येक 'स'ला ती रेघ फुगायची. किती कललंय बघायला दोन्ही चॅनल ९६ किलोहर्ट्झला (सेकंदाला ९६ हजार सॅम्पल) वेगवेगळे रेकॉर्ड करून वेव्हफॉर्म झूम केली, सहा सॅम्पलचा फरक, म्हणजे सुमारे ६२ मायक्रोसेकंद. टेपचा वेग साडेसात आयपीएस (इंच प्रति सेकंद), सेकंदाला १९ सेंटीमीटर, त्या वेगाला हे झाले १२ मायक्रॉन. दोन ट्रॅकच्या मध्यात अंतर जेमतेम ४ मिलिमीटर. हिशोब केला तर हेड कललेलं एका अंशाच्या सहाव्या भागाइतकं. डोळ्यानं दिसणं शक्यच नाही.

आणि एवढ्यानं एकेका ट्रॅकचं काही बिघडत नाही हो, आठ किलोहर्ट्झला फार तर एक डीबी जातो. पण हे लोक नॉइज कमी व्हावा म्हणून दोन्ही ट्रॅक बेरीज करून मोनो फाइल बनवत होते. १२ मायक्रॉन म्हणजे या वेगाला आठ किलोहर्ट्झच्या आसपास बरोबर अर्धी वेव्हलेंथ, एक ट्रॅक वर तेव्हा दुसरा खाली, बेरीज केली की दोघं एकमेकांना खातात. गेले सगळे स आणि श.

लाखेचा ठिपका फोडताना पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सर, पण ते टेस्ट टेपप्रमाणे बरोबर आहे ना? आहे रे बाबा, टेस्ट टेपसाठी. या तुकड्यासाठी नाही. टोन नसताना अॅझिमथ लावायची माझी आवडती पद्धत म्हणजे दोन्ही लेव्हल आधी समान करायच्या, एका चॅनलची पोलॅरिटी उलटी करायची (वरचं खाली, खालचं वर), मोनो करायचं आणि पितळी स्क्रूड्रायव्हरनं स्क्रू हलवत जायचं, जिथे कमीत कमी ऐकू येईल तिथे थांबायचं. जास्तीत जास्त ट्रेबल शोधताना कान फसतो, कमीत कमी शोधताना फसत नाही. टोनवर करताना सरळ १६ किलोहर्ट्झ लावलात तर अख्खी एक वेव्हलेंथ चुकून भलत्याच शिखरावर बसाल, म्हणून एक किलोहर्ट्झपासून वर चढायचं असतं. गाण्यावर ती भीती कमी, सगळ्याच फ्रिक्वेन्सी हजर असतात. पोलॅरिटी परत सरळ केली आणि बाई गायला लागल्या. पोरगा पुटपुटला, हे मशीनमध्ये होतंच? मशीनमध्ये नव्हतं, टेपमध्ये होतं, सुरुवातीपासून.

दुसरा तुकडा तसाच ट्रान्सफर केला, मग कॅलिब्रेशन टेप लावून अॅझिमथ जागेवर आणला आणि नवीन ठिपका दिला.

मग जॉबशीट. मालक म्हणाले, तुम्ही बदललं काय? काहीच नाही. मग दुरुस्ती काय केली? मशीन चांगलं होतं असं लिहिलं तर आधीच्या कामाचे पैसे फुकट गेले असं होतं, आणि त्या माणसानं अलाइनमेंट बरोबर केली होती असंही मी लिहिलं, ते तर त्यांना अजिबात रुचलं नाही. त्यांच्या लेखी तो 'जमलं नाही त्याला' झालेला. जमलं नाही हे खरं, पण मलाही थंड मशीन आणि पाच मिनिटं एवढंच मिळालं असतं तर मीही कार्डच उघडून बसलो असतो ना.

ते मिटलं कसंबसं. माझ्या डोक्यातून जात नाहीये ते दुसरंच. ही सुरुवातीपासूनच बसलेली वाजणारी रिळं, ती 'टेपच डल आहे' असा शेरा मारून आधीच मोनो करून झालीत. दोन ट्रॅक वेगळे ठेवले असते तर आज एक ट्रॅक काही सॅम्पल सरकवून काम झालं असतं, मशीनला हातसुद्धा न लावता. बेरीज केल्यावर जे एकमेकांना खाऊन गेलं ते कुठल्याही प्लगइननं परत येत नाही. त्यातल्या काही टेपा मूळ मालकांना परत गेल्यात, आणि फाइल आहे म्हटल्यावर टेप कोण सांभाळतं. मी शेरा मारलेल्या रिळांची यादी मागितलीय, पोरगा बनवतोय. त्यांच्या फॉर्मवर अजूनही 'मोनो टेप : एक चॅनल फाइल' असंच छापलेलं आहे, स्टोरेज वाचतं म्हणे. तो फॉर्म बदलायला मीटिंग लागते आणि मीटिंग काही ठरलेली नाही.