चार आठवड्यांची नोटीस

जर्मनीच्या व्यवसाय-शिक्षण कायद्यातील एका कलमाने गेले तीन आठवडे मला अस्वस्थ केले आहे. एखादा धंदा शिकण्याचा करार केलेल्या उमेदवाराला तो सोडून दुसरा शिकावासा वाटला, तर त्याला चार आठवड्यांची नोटीस देऊन मोकळे होता येते. आणि सुरुवातीच्या आजमावणीच्या काळात, जो कमीत कमी एक व जास्तीत जास्त चार महिन्यांचा असतो, नोटिशीचीही गरज नसते. मालकाला मात्र हा काळ संपल्यावर सबळ कारणाशिवाय उमेदवाराला काढता येत नाही. माणसाची निवड चुकू शकते, हे कायद्यानेच गृहीत धरले आहे! माझी निवड चुकली हे मला कळायला अकरा वर्षे लागली, आणि ते बोलून दाखवायला आणखी दोन.

हॅम्बुर्गमध्ये मी विम्याच्या संगणकप्रणालीचे काम करतो. पगार चांगला आहे, माणसे सभ्य आहेत आणि तक्रार करावी असे काही नाही; म्हणूनच रविवारी संध्याकाळी पोटात गोळा का येतो हे घरी सांगणे अवघड जात होते.

मालवणजवळच्या आमच्या खाडीकाठी बाबा होड्या बांधत. फायबरच्या होड्या आल्या तशी लाकडाची कामे आटत गेली, आणि मी रंधा उचलला की ते तो काढून घेत व म्हणत, "झिला, शिक आनि भायर पड." त्यांना मी दोष देत नाही. ज्या हातांना मजुरीसाठी दोन-दोन महिने वाट पाहावी लागली, त्यांनी मुलाला दुसरे काय सांगावे?

गेल्या महिन्यात रजा काढून मी त्रावे नदीकाठच्या एका छोट्या गोदीत आठवडाभर विनावेतन काम केले. होडीबांधणीचे शिक्षण इथे साडेतीन वर्षांचे असते. उमेदवार गोदीत काम करतात आणि वर्गांसाठी त्रावेम्युंडेजवळ प्रीवाल येथील शाळेत जातात. तिसऱ्या दिवशी उस्तादांनी मला दोन फळ्यांचा सांधा तपासायला सांगितला. मी डोळे मिटून अंगठा सांध्यावरून आडवा फिरवला आणि एका जागी थांबलो. त्यांनी तिथे दिवा धरला, तर केसाएवढी फट होती. "हे कुठे शिकलात?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मला उत्तर देता येईना. बाबा सांधा असाच तपासत, आणि मी ते शिकलो आहे हे मलाच ठाऊक नव्हते. माझे वय छत्तीस आहे, हे मी स्वतःहून सांगेपर्यंत तिथे कोणी विचारलेही नाही.

इथले सगळेच चांगले आहे असे मात्र कोणी समजू नये. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या केल्या जातात. दहा वर्षांच्या पोराचे असे वर्गीकरण आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने कधी केले नाही. आणि होडीबांधणी आपण यांच्याकडून शिकावी असेही नाही. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडक खोदून केलेली मराठा आरमाराची गोदी आजही पाहता येते. आपल्याकडे विद्या होती, पण ती शिकणाऱ्याला करार, नियमित विद्यावेतन आणि प्रमाणपत्र देणारी व्यवस्था तिच्याभोवती उभी राहिली नाही. "मग गावातच का नाही शिकलास?" असे विचारणाऱ्यांना माझे एवढेच उत्तर आहे. ते पुरेसे आहे असे मला वाटते, निदान वाटायला हवे.

अर्ज मी भरला आहे. उमेदवाराचे विद्यावेतन माझ्या आजच्या पगाराच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे मोठे घर सोडावे लागेल. पत्नीने हिशेब दोनदा तपासला आणि होकार दिला. बाबांना फोनवर सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी विचारले, "लाकूड खयचा वापरतत?" मी ओक आणि लार्च अशी नावे सांगितली. ती त्यांनी कधी पाहिलेली नाहीत, म्हणून पुढच्या महिन्यात गावी जाणाऱ्या एका स्नेह्याबरोबर दोन्हींचे वीत-वीतभर तुकडे पाठवत आहे, एक बाजू रंधून आणि दुसरी तशीच ठेवून.